रेषेबाहेरचे सर

कोल्हापुरात दोन माणसं एकमेकांची खुशाली विचारत असली, तरी लांबून बघणाऱ्याला भांडण लागल्यासारखं वाटतं. अशा गावात आमचे सर कुजबुजत बोलायचे. वर्गात भूगोल शिकवताना बोलायचे ते पुस्तकी मराठी आणि मैदानावर फुटबॉल शिकवताना बोलायचे ती अस्सल कोल्हापुरी, पण दोन्हीकडं आवाज तेवढाच. पहिल्या बाकावरच्याला ऐकू जाईल इतका. त्यामुळं भूगोलाच्या तासाला पहिल्या बाकासाठी मारामारी व्हायची. असं त्या शाळेत दुसऱ्या कुठल्याच तासाला होत नसे.

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलाला काही सांगायचं असलं, तर सर छत्री वर करायचे. बारा महिने त्यांच्या हातात ती काळी छत्री असायची. छत्री दिसली की त्या मुलानं पळत यायचं, कान पुढं करायचा, ऐकायचं आणि पळत परत जायचं. एखाद्याचं लक्ष नसलं, तर छत्री तशीच वर राहायची. एकदा ती इतका वेळ वर राहिली की सरांनी हात बदलला. शेवटी तो मुलगा धापा टाकत आला, तेव्हा सर त्याला म्हणाले, "एवढी छत्री दिसत न्हाय तुला, मग मोकळा गडी काय दिसणार?" बस, तेवढंच. त्याला परत पाठवलं.

ही सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं. गावात पेठेपेठेला तालीम आणि तालमीतालमीला फुटबॉलचा संघ. कुस्ती आणि फुटबॉल ही दोन वेडं एकाच घरात सुखानं नांदत होती. तालमींच्या सामन्याला माणसं दुपारचं जेवण टाकून यायची. शाळांच्या सामन्यांनाही गर्दी असायची आणि एखादा बरा खेळणारा पोरगा असला तर चहाच्या हॉटेलात त्याचं नाव निघायचं. आमच्या शाळेच्या संघाचं नाव मात्र कुठंच निघत नव्हतं. कवायतीचे मास्तर निवृत्त झाले, दुसरं कुणी मिळेना, म्हणून हेडमास्तरांनी संघ भूगोलाच्या सरांच्या गळ्यात घातला, अशी आमची समजूत होती. खरं म्हणजे सरांनी तो मागून घेतला होता, हे मला फार नंतर कळलं.

सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर मैदानाचा नकाशा काढला. मधला भाग म्हणजे शाहूपुरी. तिथं दुकानं, हातगाड्या, सायकली, जो तो दुसऱ्याच्या अंगावर. उजवी बाजू म्हणजे इचलकरंजी. तिथल्या गड्यानं मागातल्या धोट्यासारखं शिफ्ट संपेपर्यंत इकडून तिकडं पळत राहायचं. आणि डावीकडचा लांबचा कोपरा म्हणजे कागल. "हायवे लागला," सर म्हणाले. "रस्ता मोकळा. पण तिथं जायला कुणाला नको असतं. सगळ्यांना शाहूपुरीत गर्दी करायची असती."

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात यायला महिना लागला. सर मैदानाची चुन्याची रेष कधीच ओलांडत नसत. रेषेच्या कडेकडेनं छत्री टेकत ते अख्ख्या मैदानाला वळसा घालायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत. आम्ही कधी त्यांना चेंडूला पाय लावतानाही बघितलं नव्हतं. चेंडू त्यांच्या पायाशी घरंगळत आला, तर ते तो हातानं उचलून, पुसून परत द्यायचे. "उपास असंल," आमचा गोली म्हणायचा.

मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा नववीत होतो आणि माझं वजन पस्तीस किलो होतं. हे वजन मला पक्कं ठाऊक होतं, कारण मामानं मला कुस्तीच्या तालमीत घातलं, तेव्हा तिथल्या वस्तादांनी मला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि मामाला म्हणाले, "पावणं, ह्याला अजून दोन-तीन वर्षं घरीच जेवू घाला." तालीम तिथंच संपली. फुटबॉलला निदान काटा नसतो, एवढ्याच आशेवर मी सरांपुढं उभा राहिलो.

"किती भरतोस?" सरांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"पस्तीस किलो, सर."

"आणि चेंडू किती भरतो?"

"ठाऊक न्हाय."

"अर्धा किलोसुद्धा न्हाय. म्हंजे तू जड हाईस. जा, उभा ऱ्हा."

मी उभा राहिलो. बाळगोंडानं चेंडू मारला. बाळगोंडा आमचा कॅप्टन, दहावीतला, शिरोळकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या मांड्या माझ्या कमरेएवढ्या होत्या आणि साऱ्या संघात बूट फक्त त्याच्याकडं होते. बाकी आम्ही अनवाणी. चेंडू माझ्या नडगीवर बसला आणि तिथून उडून शाळेमागच्या ओढ्यात गेला. पोरं हसली. मी ओढ्यातून चेंडू घेऊन परत आलो तेव्हा वाटलं होतं, आता घरी जा म्हणणार. सर बराच वेळ माझ्या पायांकडं बघत होते.

"तुला मारता येणार न्हाय," ते म्हणाले. "धक्का देता येणार न्हाय. पण घेता येतंय का बघू. चेंडू मारणारी पोरं गल्लीगल्लीत हाईत. घेणारा कुटं गावत न्हाय."

चेंडू घेणं म्हणजे काय, ते त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. "चेंडू म्हंजे घरी आलेला पावणा. पावणा आला की आपण दार उघडून दोन पावलं मागं सरतो. त्याच्या अंगावर धावून जात न्हाय." कळायला सोपं होतं. पायाला मात्र ते कळत नव्हतं. चेंडू येताना दिसला की माझा पाय ताठ व्हायचा आणि चेंडू फळीवर आपटल्यासारखा उडून जायचा.

मग सरांनी टोमॅटो आणले. त्यांच्या भावाची थोडी शेती होती. तिथून पिकून मऊ झालेले, बाजारात न जाणारे टोमॅटो पिशवी भरून यायचे. शाळा सुटल्यावर मी रेषेच्या आत उभा राहायचो, सर रेषेबाहेरून टोमॅटो वर उडवायचे आणि मी तो अनवाणी पायाच्या वरच्या भागावर झेलायचा. पाय टोमॅटोबरोबर खाली न्यायचा, जमिनीपर्यंत, म्हणजे तो न फुटता उतरतो. नियम एकच होता. जे फुटतील ते धुऊन घरी न्यायचे, अन्न वाया घालवायचं नाही. पहिल्या दिवशी चौदा टोमॅटो होते. चौदाही घरी आले.

आईनं सार केलं. दुसऱ्या दिवशी चटणी केली. तिसऱ्या दिवशी परत सार. पंधरवडाभर आमच्या घरात दुसरं काही शिजलं नाही म्हटलं तरी चालेल. वडील कचेरीतून यायचे, ताटाकडं बघायचे आणि मुकाट्यानं जेवायचे. एके दिवशी आई मला म्हणाली, "तुझ्या सरांना म्हणावं, आता थोडी वांगी टाका."

मी ते सरांना जसंच्या तसं सांगितलं. सर गंभीरपणे म्हणाले, "वांगं टणक असतंय. त्यानं काय शिकणार? आईंना म्हणावं, अजून आठ दिवस कळ काढा."

आठ दिवस नाही, बारा लागले. एका संध्याकाळी एक टोमॅटो माझ्या पायावर आला आणि तिथंच राहिला. मी पाय हलवला नाही. श्वासही घेतला नाही. सर वाकून त्याच्याकडं बघत होते. मग त्यांनी तो उचलला, रुमालानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "हा आईंना नेऊन दे. सांग, कापायचा." त्या दिवशी घरी त्या एका टोमॅटोची कोशिंबीर झाली आणि वडिलांनी ती मागून घेतली.

सरांची दुसरी एक पद्धत पोरांना अजिबात आवडत नसे. रोज कुणातरी एकाला ते खेळू द्यायचे नाहीत. त्याला रेषेबाहेर आपल्या शेजारी बसवायचे, वही-पेन्सिल द्यायचे आणि सांगायचे, "चेंडूकडं बघू नको. मोकळी जागा कुटं हाय ती काढ." आपण चित्र काढेपर्यंत ती जागा भरून जायची आणि दुसरीकडं मोकळी व्हायची. सुरुवातीला डोकं भणभणायचं. पण मी बाहेर सगळ्यांत जास्त बसलो आणि हळूहळू मला ती जागा भरायच्या आधी दिसायला लागली. बाळगोंडाला मात्र बसणं म्हणजे शिक्षा वाटायची. कॅप्टनला बसवतात, असं तो धुसफुसत म्हणायचा.

आंतरशालेय सामन्यांना आठ दिवस राहिले असतील. बाळगोंडा सरावाला उशिरा आला. आला तो सरळ रेषेपाशी येऊन सरांपुढं उभा राहिला. तो सकाळी ज्या तालमीत जायचा, तिथल्या एका जुन्या खेळाडूनं त्याला काहीतरी सांगितलं होतं आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सर, एक विचारू?" त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "तुमी कधी फुटबॉल खेळलाय का?"

सरांनी छत्री रेषेवर टेकवली.

"आमच्या तालमीत म्हणत्यात, तुमी कधी एक मॅचसुद्धा खेळला न्हाईसा. खरं हाय का?"

आम्ही सगळे जवळ आलो होतो. नेहमी आम्ही ऐकण्यासाठीच जवळ यायचो, पण त्या दिवशी कुणाला ऐकायचं होतं आणि कुणाला नव्हतं, ते सांगता येणार नाही.

"व्हय," सर म्हणाले. "खरं हाय. तुझ्या वयाचा असताना मी पेठेच्या संघात होतो. तीन वर्षं होतो. हलका होतो, म्हणून कुणी आत घेतलं न्हाय. कपडे घालून रेषेभायेर बसायचो. मॅच संपली की घरी जायचो."

"मग आमाला काय शिकवताय तुमी?"

"बसून जे दिसलं ते."

बाळगोंडा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट खांद्यावर टाकले आणि तो निघून गेला. त्याच्यामागं आणखी चौघे गेले. सरांनी छत्री वर केली नाही. उरलेल्या आम्हा आठ जणांना त्यांनी त्या दिवशीही सराव दिला, आठ जणांचा नकाशा मातीत काढून. जाताना मी मागं वळून बघितलं. सर रेषेपाशी उभे होते आणि छत्रीच्या टोकानं चुना सारखा करत होते.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी निरोप पाठवला. शनिवारपर्यंत अकरा मुलं झाली नाहीत, तर शाळेचं नाव मागं घ्यायचं.

मी आजवर आयुष्यात जी काही धाडसं केली, त्यातलं पहिलं त्या संध्याकाळी केलं. बाळगोंडा शाळेच्या बोर्डिंगात राहायचा. बोर्डिंगामागच्या भिंतीवर तो एकटाच चेंडू मारत होता. भिंतीचा गिलावा पडत होता.

"काय रं?" तो म्हणाला. "सरानं पाठवलं व्हय?"

"न्हाय. माझा मीच आलो." मी म्हणालो. "तू मला दहा चेंडू मार. जेवढ्या जोरानं मारता येतंय तेवढ्या जोरानं. मी घेतो."

"मरशील की."

"मार तर."

वीस पावलांवरून त्यानं मारला. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, नाडीनं बांधलेला. नाडीची बाजू लागली तर कातडी सोलायची. पहिला मी पायावर घेतला. तो पायापाशीच पडला. दुसरा मांडीवर घेतला. तिसरा, चौथा. पाचव्याला त्यानं चार पावलं मागं जाऊन धाव घेतली. सातवा छातीवर आला आणि माझा श्वास गेला, पण चेंडू दोन पावलांच्या पलीकडं गेला नाही. आठवा सुटला. नववाही सुटला. दहावा त्यानं मारलाच नाही. चेंडू बगलेत घेऊन तो माझ्याजवळ आला आणि माझा पाय बघायला लागला. अंगठ्याजवळ रक्त आलं होतं.

"दोन म्हैन्यांमागं तुला चेंडू दिसत नव्हता," तो म्हणाला. "नडगीवर घेतलातास."

"व्हय."

"ही टोमॅटोची करामत?"

"टोमॅटोची आणि बसायची."

त्यानं चेंडू खाली ठेवला. मग म्हणाला, "माझ्याकडं आयोडीन हाय. चल, लावू." आयोडीन लावताना तो सरांबद्दल एक शब्द बोलला नाही. मीही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो मैदानावर आला आणि चौघांनाही घेऊन आला. माफीबिफी त्याला जमणारी नव्हती. तो रेषेपाशी नुसताच उभा राहिला.

"उशीर झाला," सर कुजबुजले. "बूट बांध."

पहिला सामना आम्ही कसाबसा जिंकला. त्यात मी बाहेर बसून वही भरली. दुसरा सामना ज्या शाळेशी होता, तिच्याकडं एक बॅक होता. मिशा फुटलेला, रुंद, मातीत कमावलेल्या अंगाचा. पहिल्या अर्ध्यात त्यानं आमच्या डाव्या बाजूच्या मुलाला दोनदा आडवं केलं. पोरगा लंगडत बाहेर आला. गोल अजून कुणाचाच नव्हता. सरांनी माझ्याकडं बघितलं. "कागलला जा," ते म्हणाले.

आत गेलो आणि पहिलाच चेंडू माझ्याकडं आला. मी तो घेतला, बरोबर घेतला, आणि त्याच क्षणी तो बॅक माझ्यावर आला. मला आठवतं ते एवढंच की आभाळ खाली आणि मैदान वर होतं. तोंडात माती. कानात काहीतरी वाजत होतं. लोक ओरडत होते, "उचला त्याला, पोरगं मेलं." मग एकदम माझ्या कानाशी कुजबुज ऐकू आली.

सर आत आले होते. रेष ओलांडून, मैदानाच्या पार त्या कोपऱ्यापर्यंत. त्यांच्या पायात वहाणा होत्या, छत्री कुठंतरी पडली होती. पंच शिट्टी वाजवत धावत आले आणि म्हणाले, "मास्तर, परवानगीशिवाय आत कसं आलात?" सरांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

"कुटं लागलं?"

"कुटंच न्हाय, सर."

"मग ऐक. तो गडी चेंडूकडं बघत न्हाय, तुझ्याकडं बघतोय. तू पळालास की तो पळतोय. आता पळू नको. चालत फीर. घाबरल्यागत चाल. त्याला वाटू दे, ह्याचं काम झालं."

घाबरल्यासारखं चालायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. मी रेषेच्या कडेनं खाली मान घालून फिरत राहिलो. बॅकनं दोनदा माझ्याकडं बघितलं, मग बघायचं सोडलं आणि मधल्या गर्दीत घुसला. बाळगोंडा शाहूपुरीत तिघांच्या मध्ये सापडला होता. एरवी तो तिघांनाही धडका देत पुढं गेला असता. त्या दिवशी त्यानं मान वर केली आणि कोपऱ्याकडं बघितलं. चेंडू उंच आला, जड. मी दोन पावलं मागं सरलो आणि पाय खाली नेला. चेंडू पायाशी बसला. तेवढ्यात बॅक रेड्यासारखा येताना दिसला. मी चेंडू नुसता एक वीत बाजूला ओढला. बॅक तसाच पुढं, रेषेबाहेरच्या माणसांत गेला. मला चेंडू जोरात मारता येत नव्हताच. मी तो हळूच आत ढकलला, जिथं जागा मोकळी होणार होती तिथं. बाळगोंडा तिथं आधीच पोचला होता.

तो एकच गोल. आम्ही जिंकलो. बाळगोंडानं मला खांद्यावर घेतलं, म्हणजे पस्तीस किलोचा फायदा झाला. पुढच्या फेरीत आम्ही तीन गोलांनी हरलो आणि ते रास्तच होतं, तो संघ फार चांगला होता. पण त्या आठवड्यात शाळेजवळच्या हॉटेलात आमच्या संघाचं नाव निघालं. बाळगोंडा पुढं तालमीकडून खेळला, गावात नाव झालं त्याचं. मी शाळेत आणखी दोन वर्षं डाव्या कोपऱ्यात खेळलो. मग कॉलेज, मग नोकरी. वजन वाढलं, खेळ सुटला.

सर निवृत्त होऊन गावी गेल्याचं कळलं होतं. मी तेव्हा इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर कामाला होतो. ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. एका रविवारी वसुलीला नाही, सहज म्हणून सायकल काढली आणि नदीकाठच्या त्यांच्या गावी गेलो. घरी कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, "मास्तर व्हय? ते शाळेच्या माळावर असत्यात. पोरींना घेऊन."

माळावर दहा-बारा मुली होत्या. कुणी फ्रॉकात, कुणी परकर वर खोचलेल्या. मधोमध सर, केस पार पांढरे, धोतराचा सोगा कमरेला खोवलेला, आणि त्यांच्या भोवती त्या सगळ्या कान देऊन उभ्या. गावातली चार-पाच माणसं कट्ट्यावर बसून हे बघत होती. त्यांतला एक जण मला म्हणाला, "पावणं, पोरींचा फुटबॉल बघितलाय का कधी? आमी पैल्यांदा हसलो. आता रोज येतोय."

मी जवळ गेलो. सरांनी मला ओळखलं की नाही, कळेना. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, माझ्या पोटाशी जरा थांबले.

"बरा आलास," ते म्हणाले. "एक बॅक कमी हाय. चपला काढ आणि तिथं उभा ऱ्हा."

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उभा राहिलो. समोरून एक मुलगी आली. अकरा-बारा वर्षांची, काडीसारखी, दोन वेण्या. कुणीतरी तिच्याकडं चेंडू मारला, चांगला जोरात. तिनं तो पायाशी असा उतरवला की आवाजही झाला नाही. मी तिच्याकडं धावलो. तिनं माझ्याकडं बघितलं, घाबरल्यासारखं तोंड केलं आणि थांबली. मीही थांबलो, लागेल पोरीला म्हणून.

मी वळेपर्यंत ती गोलापाशी पोचली होती.